शेपटीवरचा रंग

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मी यात पदरचं काही घातलेलं नाही, तेवढी हिंमतच उरली नाही. गेल्या महिन्यातली भर दुपार होती आणि दादाच्या घरातली मागची खोली.

दादा आणि मी महायुद्धातल्या लढाऊ विमानांची छोटी, उडणारी मॉडेल्स बनवायचो. हलक्या लाकडाचा सांगाडा, वर पातळ कागद, पोटात रबर. पुढचा पंखा फिरवून रबराला पीळ द्यायचा आणि विमान सोडायचं. बांधणी दादाची, रंग माझा.

"अरे, रंगवतोयस की गिलावा करतोयस? शेपटी जड झाली की संपलं सगळं," तो म्हणायचा.

शेवटचं विमान त्याने आजारपणात, खाटेवर बसून बांधलं. मी रंगात जीव ओतला. धुराचे डाग, गंजाचे ओघळ, थरावर थर.

उडवायला एकटाच मैदानावर गेलो. विमानाने नाक वर केलं, थबकलं आणि धाडकन खाली आलं.

"उडालं?" दादाने विचारलं.

"झक्कास उडालं."

खरं सांगितलं असतं, तर शेपटीवरचा रंग खरवडावा लागला असता. त्याला मन होईना, म्हणून खोटं बोललो. दुसरं काही कारण नव्हतं.

तो हसला. त्याच आठवड्यात गेला.

मी विमान डागडुजी करून त्याच्या खोलीत ठेवलं. वहिनींनी कुलूप लावलं. त्या दुपारी आम्ही दोघं त्याचं सामान आवरायला गेलो, तर बंद दारामागून आवाज आला...

कर्र... कर्र...

रबराला पीळ देताना येतो, तोच.

वहिनींनी कुलूप काढलं. आत कोणी नव्हतं.

टेबलावर विमान होतं. आणि त्याच्या शेपटीवर... रंगच नव्हता.

कागदाला ओरखडाही नाही. शेजारी रंगाची भुकटी नीट सारून ठेवलेली, दादा लाकडाचा भुसा ठेवायचा तशी.

"भाऊजी, हे तुम्ही केलंत?"

मी नुसती मान हलवली. हो की नाही, माझं मलाच कळलं नाही.

"चला, उडवू या. मला कधी बघायलाच मिळालं नाही."

मैदानावर पंख्याला हात लावला, तर रबर आधीच गच्च पिळलेलं...

सोडलं. विमान चढलं आणि आमच्या डोक्यावर घिरट्या घालू लागलं. वहिनींचे डोळे भरून आले.

"तेव्हाही असंच उडालं होतं ना? तेवढं ऐकून हे शांत झोपले हो."

आता तरी खरं सांगायला हवं होतं.

"हो," मी म्हणालो.

पंखा थांबला...

हळूहळू नाही. कुणीतरी बोटाने धरल्यासारखा.

विमान माझ्या पायाशी येऊन पडलं. रबरात पीळ तसाच होता, तरी पंखा जागचा हलत नव्हता.

वहिनींना वाटलं, बिघाड झाला. "दुरुस्त करा, पुन्हा उडवू," म्हणाल्या.

विमान आता माझ्या टेबलावर आहे. पीळ अजून उतरलेला नाही.

वहिनींचा रोज फोन येतो, झालं का म्हणून. मी सांगतो, करतोय.

तेही खोटंच. मी त्याला अजून हात लावलेला नाही.