बिनकोळ्याचं जाळं

आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं, म्हणून मी ऑफिसातून पाच दिवसांची रजा काढून घरी आले. काम साधं होतं. बाबांना वेळेवर औषधं द्यायची, नळीतून पातळ जेवण घालायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची. बाबा एकेकाळी इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचे. तीन वर्षांपूर्वी झटका आला, अंग गेलं, वाचा गेली. डोळे उघडे असायचे, पण ते काय बघतात हे कुणालाच कळायचं नाही.

दवाखान्यात निघालेली आई खांद्याला पिशवी लावून मला शेवटच्या सूचना देत होती. औषधांच्या नव्हे, कोळ्यांच्या.

"बाथरूममधले लांब पायांचे आहेत ना, त्यांना राहू दे. ओट्यावर एखादा आला तर पेला उपडा ठेव, खालून जाड कागद सरकव आणि खिडकीबाहेर सोड. मारायचं नाही."

"आई, हे घर आहे की प्राणिसंग्रहालय?"

"पाहुण्यांपेक्षा बरे. चहा मागत नाहीत, सल्ले देत नाहीत. आणि बाबांना डास चावला तर ते हाकलणार कसे, सांग ना?"

तिचं खरं होतं, म्हणून मी चिडले. मग तिने जाळी काढायची रीतही दाखवली. लांब काठीच्या टोकाला जुना बनियन गुंडाळायचा. आधी नीट बघायचं. कोळी घरात असेल तर जाळं तसंच ठेवायचं. कोळी सोडून गेला असेल, धूळ बसून जळमट झालं असेल, तर काढायचं. तेही फटकारून नाही, काठी गोल फिरवत, दोरा रिळावर गुंडाळतात तसं.

"आणि बाबांच्या डोक्यावरचं राहू दे," चपला घालता घालता ती म्हणाली. "त्याचं असं आहे की..."

"बरं, बरं. राहू देते. रिक्षा थांबलीय, जा आता."

मोठी माणसं एखादी गोष्ट सांगायला लागली की ती अर्ध्यावर तोडायची मला सवय आहे. ती सवय अजून गेलेली नाही, पण आता बोलणं तोडताना ती थांबलेली रिक्षा आठवते.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझी कंबर मोडली होती. तीन वर्षं मी आईला फोनवर शहाणपण शिकवत होते, चोवीस तासांचा माणूस ठेव, नाहीतर एखाद्या संस्थेत चौकशी करू. ती म्हणायची, बघू. आता बाबांची चादर एकटीने बदलताना कळत होतं की ती फोनवर इतकी कमी का बोलते. तिच्यात बोलायला काही उरतच नसणार.

चार वाजता डॉक्टर बघायला येणार होते. खोली जरा माणसांत यावी म्हणून मी काठी घेतली. कपाटामागची दोन जळमटं निघाली. मग मी बाबांच्या डोक्यावरच्या कोपऱ्याकडे पाहिलं.

जाळं मोठं होतं, परातीएवढं, आणि स्वच्छ. धुळीचा कण नाही, अडकलेला किडा नाही. कोळीही नाही. मी स्टुलावर चढून फटीत पाहिलं, पडद्याच्या दांडीमागे पाहिलं. कुठेच नाही. कोळी नसेल तर काढायचं, हा तिचाच नियम. तिचाच नियम तिच्यावर उलटवायला मिळाला, याचा मला थोडा आनंदही झाला, खोटं कशाला बोलू.

मी काठी फिरवली. जाळं सहज गुंडाळलं गेलं. शेवटी एक धागा राहिला. तो खाली येत होता... सरळ खाली, बाबांच्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणापाशी. तो तुटला तेव्हा आवाज झाला नाही. फक्त काठीला हिसका बसला, गळाला मासा लागल्यासारखा.

मी खाली उतरले. खोलीत काहीतरी कमी झालं होतं. काय, ते कळायला एक क्षण लागला. बाबांच्या श्वासाची घरघर.

"बाबा?"

मी दोन्ही हात त्यांच्या छातीवर दाबले. छाती हलली. श्वास आला. मी रडत, हसत फोन घ्यायला हात उचलले... आणि श्वास थांबला. पुन्हा हात ठेवला, पुन्हा आला. नुसता ठेवला तरी पुरत होता, एक तळवा, वजन न देता. उचलला की नाही.

मी डाव्या हाताने आईला फोन लावला. उद्या सकाळी तिचं ऑपरेशन होतं.

"आई, ते डोक्यावरचं..."

"काढलंस?"

"हो."

पलीकडे कॉट करकरली. मग अगदी थकलेला आवाज. "हात ठेवलायस ना?... तसाच ठेव. मी येईपर्यंत."

डॉक्टर आले. स्टेथोस्कोप लावून ऐकलं, सगळं ठीक आहे म्हणाले. "हात काढा, नीट तपासू द्या."

"नाही काढणार."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला झोपेची गरज आहे," म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी शेजारच्या काकूंना हाक मारली. मी कारण शोधत होते, पण काकूंनी काही विचारलंच नाही. हात धुऊन, पुसून, खुर्ची ओढून त्यांनी सवयीने तळवा बाबांच्या छातीवर ठेवला. "जाऊन ये तू. पूर्वीही बसलेय मी अशी."

दोन दिवस असेच गेले. खांद्यात कळ, मग बधिरपणा, मग तो हात माझा आहे हेच वाटेनासं झालं. दुसऱ्या दुपारी पंख्याकडे बघत बसले होते. माझ्या तळव्याखाली काहीतरी थरथरलं आणि आवाज आला.

"सोड..."

बाबांचा आवाज. तीन वर्षांनी, तसाच खरखरीत. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ मिटलेले होते. डोळे छताकडे.

"बाबा... काय म्हणालात?"

पुन्हा काही नाही. मी हात काढला नाही.

तिसऱ्या दिवशी आई आली, पोटावर हात दाबून, पावलं मोजत. रिकाम्या कोपऱ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. माझ्या तळव्याखाली स्वतःचा तळवा सरकवला, झोपलेल्या बाळाची मान दुसऱ्याकडे देतात तसा.

"ऊठ. पहिले चार महिने मी असेच काढले. तुझी परीक्षा होती, सांगितलं नाही. मग एके दिवशी डोळा लागला. जाग आली तर हात मांडीवर, आणि वर ते जाळं."

"कुणी विणलं?"

"विणणारा कधी दिसला नाही. पण तेव्हापासून घरातल्या एकाही कोळ्याला मी दुखावलं नाही. न जाणो, कुणाचा कोण असेल."

मी भिंतीला टेकून खाली बसले. सांगावं की नाही, ठरत नव्हतं.

"आई, काल बाबा बोलले."

"सोड म्हणाले असतील." तिने चादरीची सुरकुती सारखी केली. "रोज दुपारी म्हणतात. लक्ष द्यायचं नाही."

"लक्ष द्यायचं नाही?" माझा आवाज चढला. "ते सुटका मागताहेत, आई, आणि तू रोज ऐकून न ऐकल्यासारखं करतेस? मी ऐकलंय, त्यांचाच आवाज होता तो!"

आईने सावकाश मान वर केली. इतक्या वर्षांत तिच्या चेहऱ्यावर मी थकवा पाहिला होता, राग पाहिला होता. ही भीती पहिल्यांदाच.

"त्यांचा?"

"हो. अगदी त्यांचाच."

"मला तर..." पोटावरचा हातही तिने बाबांच्या छातीवर ठेवला. "मला तर ते कायम तुझ्या आवाजात ऐकू येतं गं. म्हणून तर मी कधी मानलं नाही."

तिने हात काढला नाही. मला काहीतरी बोलायचं होतं, पण तोंड उघडलं तर आधी 'सोड' हाच शब्द बाहेर पडेल, अशी भीती वाटली.