बासष्ट हाका आणि अकरा गोळ्या

वैजूमावशीच्या घरी धन्वी आली आणि गोळ्या चुकायला लागल्या. खरं तर उलटं व्हायला हवं होतं.

धन्वी म्हणजे आरोग्य केंद्राने दिलेला पिवळा रोबो. उंची घागरीएवढी, खाली तीन चाकं आणि पोटात गोळ्यांचा कप्पा. संध्याकाळी सात वाजले की ती घरभर फिरून खणखणीत आवाजात म्हणायची, "वैजयंतीताई, औषधाची वेळ झाली!"

शाल्मलीची आई समुद्र-संशोधन करणाऱ्या जहाजावर वर्षभरासाठी गेली होती, म्हणून शाल्मली सहावीचं वर्ष वेंगुर्ल्याला मावशीकडे काढत होती. मावशी काजूच्या कारखान्यात यंत्रं सांभाळायची. तिच्या रक्तात एचआयव्ही (शरीराच्या पहारेकरी पेशींवर हल्ला करणारा विषाणू) आहे, हे तिनेच शाल्मलीला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. "रोज एक गोळी घेतली की मी ठणठणीत," असंही सांगितलं होतं.

धन्वी आल्यावर दोन महिन्यांनी मावशीच्या रक्ताची तपासणी झाली. केंद्रातल्या डॉक्टर समीना मुल्ला यांनी अहवाल मावशीपुढे ठेवला.

"तुम्हाला रागवायला बोलावलेलं नाही," त्या म्हणाल्या, "पण चार वर्षं तुमच्या रक्तात विषाणू मोजताही येत नव्हते, इतके कमी होते. आता एका मिलिलिटरमध्ये सहाशे आहेत."

सोबत आलेली शाल्मली अहवालावर वाकली. "सहाशे म्हणजे खूप?"

"अजून फार नाहीत. पण वाढू द्यायचे नाहीत. विषाणू पेशीत शिरतो आणि तिथे स्वतःच्या नकला काढतो. गोळी ते नक्कल काढण्याचं काम बंद पाडते. गोळी चुकत राहिली, की रक्तातलं औषध कमी होतं आणि नकला पुन्हा सुरू होतात. तू घाईघाईत फळ्यावरचं उतरवून घेतलंस तर काय होतं?"

"चुका होतात."

"विषाणूच्याही होतात. अशी एखादी चुकीची नक्कल नेमकी औषधाला दाद न देणारी निघते. ती टिकते, तिच्याच नकला वाढतात आणि मग ते औषध चालेनासं होतं. याला औषधरोध (औषधाचा परिणाम न होणं) म्हणतात."

सोबत आणलेल्या धन्वीचे दिवे लुकलुकले. "मी बासष्ट दिवसांत बासष्ट हाका मारल्या. तरी अकरा गोळ्या उरल्या. अर्थ स्पष्ट आहे, माझा आवाज कमी पडतो. उद्यापासून दुप्पट मोठ्याने ओरडेन!"

"नको गं बाई!" मावशी इतकी घाबरीघुबरी होऊन म्हणाली, की शाल्मली तिच्याकडे बघतच राहिली. विसरणारं माणूस आठवण करून द्यायला नको कशाला म्हणेल?

घरी आल्यावर शाल्मलीने धन्वीला विचारलं, "कुठल्या दिवशी गोळ्या चुकल्या, दाखव ना."

"नाही दाखवणार. ती माहिती वैजयंतीताईंची आहे."

मावशी भाकऱ्या थापत होती. तिचा हात थांबला. मग मान वर करून ती म्हणाली, "दाखव तिला."

शाल्मलीने दिनदर्शिकेवर लाल पेन्सिलीने अकरा गोल काढले. आठ गोल मंगळवारी आणि शुक्रवारी पडले.

"मावशी, हे तर तुमच्या झिम्मा-फुगडीच्या सरावाचे दिवस!"

आठ-दहा बायका साडेसहाला अंगणात जमायच्या. फुगड्या रंगात यायच्या आणि ऐन सातला आतून हाक यायची. मग मावशी पळत आत जाऊन धन्वीला बंदच करून टाकायची.

"मी विसरत नव्हते गं," मावशी म्हणाली. "आधीच्या कारखान्यात माझं कळलं, तेव्हा बायकांनी माझा चहाचा कप वेगळा काढला होता. एकत्र खाण्यापिण्याने हा आजार पसरत नाही, पण ऐकणार कोण? इथं गावडेकाकी माझा हात धरून फुगडी घालतात. त्यांनी विचारलं, कसली गोळी, तर काय सांगू? आणि सगळ्या गेल्यावर स्वयंपाकाच्या नादात राहूनच जायची."

"आणि हा बारा तारखेचा गोल?"

"गोळ्या संपल्या होत्या. केंद्र कामाच्याच वेळात उघडं असतं. रजा मिळाली नाही."

उरलेले दोन गोल शेजारी शेजारी होते. तारखा बघून शाल्मलीचा आवाज लहान झाला. "तेव्हा मला ताप होता."

"तुझ्या कपाळावर पट्ट्या बदलत होते. माझं स्वतःचं लक्षातच नाही राहिलं."

शाल्मली मावशीला पिठासकट बिलगली. धन्वी हळूच पुढे सरकली. "म्हणजे आठ गोळ्या माझ्यामुळे चुकल्या?"

"तुझ्या ओरडण्यामुळे," शाल्मली म्हणाली, आणि मावशीला हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी तिघी पुन्हा केंद्रात गेल्या. मावशीचं सगळं ऐकत डॉक्टर मुल्लांनी दिनदर्शिकेवरचा एकेक गोल तपासला.

"नेमाने औषध घेणं याला आम्ही औषधपालन म्हणतो," त्या म्हणाल्या. "आम्हाला वाटत होतं, ते फक्त आठवणीवर अवलंबून आहे. पण भीती, कामाच्या वेळा, घरच्यांचं आजारपण, हे सगळं त्या एवढ्याशा गोळीच्या आड येतं. यातलं एकही धन्वीला शिकवलेलं नाही!"

मग बदल झाले. गोळीची वेळ डॉक्टरांनी सकाळच्या चहाला जोडून दिली. धन्वीची हाक बंद झाली, त्याऐवजी मावशीच्या मनगटावर बांधलेली नवी पट्टी वेळ झाली की हलकेच थरथरू लागली. तीन महिन्यांच्या गोळ्या साध्या, नाव नसलेल्या डब्यात टपालाच्या ड्रोनने घरी येऊ लागल्या. आणि घरात कुणी आजारी पडलं, तर मावशीला "तुझी गोळी झाली का?" असं विचारायचं काम शाल्मलीने स्वतःकडे घेतलं.

एका शुक्रवारी सराव संपल्यावर मावशीने गावडेकाकींना थांबवून घेतलं. दोघी पायरीवर बसल्या. मावशी आपल्या गोळीबद्दल सगळं सांगत होती आणि शाल्मली दाराआड उभी राहून ऐकत होती. काकींनी सगळं ऐकून घेतलं.

"एवढंच ना?" त्या म्हणाल्या. "माझी रक्तदाबाची गोळी तर मी दिवसाआड विसरते. त्या पिवळ्या बाईला सांग, माझ्याकडेही बघ म्हणावं!"

तीन महिन्यांनी नवा अहवाल आला. विषाणू पुन्हा मोजता येणार नाहीत इतके कमी झाले होते. मावशीने केंद्राच्या दारातच शाल्मलीला धरून फुगडीचा एक फेरा घेतला, तेव्हा केंद्रातले कर्मचारी टाळ्या वाजवू लागले.

जिल्ह्यात धन्वीसारखे चाळीस रोबो होते. त्यांना काय शिकवायचं, हे ठरवायला डॉक्टर मुल्लांनी यावेळी औषध घेणाऱ्या बायकांनाच बोलावलं. मावशीही त्यात होती. "वर्षातून दोनदाच घ्यावं लागेल असं औषध आलं, तरी भीतीचे, कामाच्या वेळांचे हे प्रश्न विचारावेच लागतील," डॉक्टर म्हणाल्या.

महिन्याभरानंतर एका दुपारी नवं शिक्षण घेतलेली धन्वी केंद्राच्या दाराशी उभी होती. पदराने कपाळ पुसत एक तरुण बाई गोळ्या न्यायला आत आल्या. धन्वी त्यांच्याजवळ गेली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "ताई, गोळी घेताना काय अडचण येते तुम्हाला?"

बाईंनी आजूबाजूला पाहिलं. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि बोलायला सुरुवात केली.