रेडिओ बारीक करा

“डॉलरपुढे सेदी अजून किती घसरणार? आता काय जमिनीखाली जाणार का?”

“डॉक्टर, माझ्या नवऱ्याला घाम फक्त डाव्या बाजूलाच येतो.”

“त्या नटीने लग्न केलंय म्हणे. नसेल केलं, तर बोटातली अंगठी कुणाची?”

“मंत्री म्हणतात सुआमेचा रस्ता झाला. मी त्याच रस्त्यावर उभा आहे. गुडघाभर चिखलात.”

“कांदा. मला फक्त कांद्याबद्दल बोलायचंय.”

“आधी रेडिओ बारीक करा.”

यातलं शेवटचं वाक्य माझं. घानातल्या कुमासी शहरात, तिकोरो एफएमवर, सकाळच्या कार्यक्रमाचे फोन मी घेते. आधी वर्तमानपत्रं, मग पैसा, मग आरोग्य, आणि शेवटी नटनट्यांच्या भानगडी. काचेच्या अलीकडे मी आणि आवाजाची बटणं सांभाळणारा ट्विनेबोआ. पलीकडे माईकसमोर ड्वोमो. अख्खं कुमासी त्याला वोफा म्हणतं, म्हणजे मामा. माझा तो खरोखरचा मामा, आईचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर मला वाढवलं त्यानेच आणि इथे चिकटवलंही त्यानेच. आमच्यात भाचरं मामाची वारस असतात. त्यामुळे ऑफिसात सगळे माझ्याकडे जरा तिरकेच बघायचे.

रेडिओ बारीक करायला का सांगते? एका पुढाऱ्याने एकदा दुसऱ्याला आमच्या माईकवरून आईवरून शिवी घातली आणि स्टेशन कोर्टात गेलं. तेव्हापासून आम्ही बोलतो ते लोकांना जरा उशिरा ऐकू जातं. मधल्या वेळात ट्विने शिवी कापतो. म्हणजे घरातला रेडिओ नेहमी आमच्या मागे असतो. फोन करणाऱ्याने तो मोठा ठेवला तर त्याला स्वतःचंच शिळं बोलणं ऐकू येतं आणि तो अडखळतो. रेडिओ मागे असतो. पुढे असूच शकत नाही.

रोज फोन करणारे प्रत्येक स्टेशनचे ठरलेले असतात. काही पक्षांनी पोसलेले, काही हौशी. एनो कोनामा हौशी. एनो म्हणजे आजीबाई. ती माम्पोंगच्या रस्त्यावर कुठेतरी राहायची आणि कुठल्याही विषयावर बोलायची.

“एनो, रेडिओ बारीक करा.”

“अगं बाळ, बटणच तुटलंय त्याचं. माझ्या तोंडासारखं झालंय, बंदच होत नाही.”

मी हसले आणि तिला थांबवून ठेवलं. जाहिरात चालू होती. काचेपलीकडे मामा पेपर चाळत होता. एनोच्या मागे तिचा रेडिओ खरखरत होता आणि त्यात मामा शिंकला. “माफी असावी,” रेडिओतला मामा म्हणाला, “मंत्र्यांचं नाव घेतलं की मला सर्दी होते.”

जाहिरात संपली. मामाने पेपर ठेवला, मंत्र्याचं नाव घेतलं, खिशातून रुमाल काढला आणि शिंकला.

“माफी असावी,” तो म्हणाला.

पुढचं मी ऐकलं नाही. मला ते आधीच पाठ होतं.

“ट्विने, एनोच्या लाईनवर आपला आवाज पुढे येतोय.”

“पुढे म्हणजे?”

“आधी.”

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. “काल कुणाच्या बारशाला गेली होतीस? ताडी चांगली होती वाटतं.”

पहिला संशय मला त्याचाच आला. तो गमत्या आहे, आणि त्याच्या हाताखाली जुने आवाज साठवलेले असतात. मग वाटलं, आतलं कुणीतरी मामाचे कागद बाहेर पुरवतंय. पण कागद पुरवता येतात, शिंक कशी पुरवणार? दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की कुणालाच माहीत नाही असं काहीतरी करायचं. मामाला काचेतून दाखवायला माझ्याकडे एक पाटी असते. एनोला थांबवून ठेवलं आणि पाटीवर ‘कांद्यावर बोल’ असं लिहावं म्हणून पेनाला हात घातला. तेवढ्यात कानात मामा हसला.

“आमची भाची पाटी दाखवतेय. कांद्यावर बोल म्हणे. बरं बाई.”

मी पेन खाली ठेवलं. लिहायचंच नाही, बास.

पाटीवर तेच आधीपासून लिहिलेलं होतं. परवाचं, माझ्याच अक्षरात. पुसायचं राहून गेलं होतं. मामाने मान वर केली, काचेतून ते वाचलं आणि हसला.

त्यानंतर ते अंतर वाढत गेलं. पैशांवर बोलणं चाललेलं असताना एनोच्या मागे आरोग्याच्या तासाचे डॉक्टर बोलायचे. मग दुसऱ्या दिवशीच्या पेपरातले मथळे ऐकू यायला लागले. मी कुणाला सांगितलं नाही. उलट मी एनोला कार्यक्रमात जोडणंच बंद केलं. “लाईन भरलीय, थांबा हं,” म्हणायचं आणि फोन कानाशी धरून बसायचं. ती थांबायची. तिला कसलीच घाई नसायची. मध्येच काहीतरी चावायची, बहुतेक शेंगदाणे.

ट्विनेच्या ते लक्षात आलं होतं. तो खुर्ची जरा माझ्याकडे वळवून बसायचा.

मग एके दिवशी तिच्या रेडिओत एक बाई बोलत होती. आवाज पातळ, कोरडा.

“कुमासी, इथून पुढे जाहिराती नाहीत. फोन नाहीत. थोडा वेळ गाणं ऐकू या.”

आणि गाणं लागलं. आमच्या प्रत्येक स्टेशनकडे ते असतं, शिंगाच्या संथ सुरावटीचं, आणि ते एकाच कारणासाठी लावतात. मोठा माणूस गेला, तरी घराण्याच्या वडीलधाऱ्याला रीतसर दारूची बाटली देऊन कळवल्याशिवाय नाव उच्चारायचं नाही. सगळ्या गावाला कळलेलं असतं, रेडिओलाही कळलेलं असतं. तरी फक्त गाणं लावायचं.

गाणं संपलं आणि ती बाई पुन्हा बोलू लागली. नटीच्या लग्नाची अर्धवट राहिलेली बातमी तिने पुरी केली, हवामान सांगितलं, ट्विनेचं नाव घेतलं, त्याचे आभार मानले. एक नाव घेतलं नाही. ते कुठे यायला हवं होतं आणि तिथे ती कशी श्वास घेऊन पुढे गेली, ते मला स्पष्ट ऐकू आलं. आणि त्या श्वासावरून मला ती बाई ओळखता आली. स्वतःचा आवाज माणसाला सहजी ओळखू येत नाही.

“एनो,” मी म्हणाले, “हे कधीचं लागलंय तुमच्याकडे?”

“कधीचं म्हणजे? आत्ताचं. छान बोलतेस गं तू. फक्त मध्येच रडू नकोस, ऐकणाऱ्याला त्रास होतो.”

काचेपलीकडे मामा बाह्या सरसावून कुणाला तरी दम देत होता.

कार्यक्रम संपल्यावर तो मागच्या गॅलरीत जेवायला बसला. मी समोर जाऊन उभी राहिले.

“मामा, एकदा मोठ्या हॉस्पिटलात जाऊन ये. प्रेशर दाखव.”

“मी रोज डॉक्टरांशी बोलतो. सगळं शहर साक्षीला असतं.”

“चेष्टा नको ना रे.”

त्याने आंबवलेल्या मक्याच्या केंकीचा गोळा मिरचीच्या चटणीत बुडवला, तोंडात टाकला, सावकाश चावला. “ट्विने सांगत होता, तू फोन धरून बसतेस आणि ओठ हलवतेस. ‘जाहिराती नाहीत, फोन नाहीत’ असं काहीतरी पुटपुटतेस. माझ्या खुर्चीचं माप घेतेस की काय, आफ्रा?”

“आईशपथ, मला नको ती खुर्ची.”

“नको कशी? रिकामी ठेवून चालत नाही.”

मला सांगायचं होतं. पण जिवंत माणसाच्या जाण्याची गोष्ट तोंडातून काढली की ती तुम्हीच ओढून आणली असं आमच्यात धरतात. आणि मी तर वारस. तरी मी तोंड उघडलं. मामाने चटणीचा हात वर केला.

“राहू दे. जे असेल ते तुझ्यापाशी ठेव.”

काय ऐकलं, कुठे ऐकलं, त्याने विचारलं नाही. मला वाटलं, रागावलाय.

घरी जाताना मी एक गोष्ट पक्की केली. जे मी ऐकलं ते माझ्या तोंडातून येणार होतं. मग तोंडच उघडायचं नाही. माईकपाशी बसायचं नाही, कुणी हातापाया पडलं तरी. मी बोललेच नाही तर तो दिवस उगवणार कुठून? हिशोब सरळ होता. त्या दिवसापासून मी एनोचे फोन घेईनाशी झाले. नंबर दिसला की कापायचा. आणि मामाच्या खिशात त्याच्या नकळत प्रेशरच्या गोळ्या टाकायच्या. तो त्या मुकाट्याने घ्यायचा की फेकायचा, कोण जाणे.

काही दिवस काहीच झालं नाही. मला वाटायला लागलं की झालं, टळलं.

मग एका सकाळी शेवटच्या तासाला एनोचा नंबर आला. मामा त्या नटीच्या लग्नाची बातमी सांगत होता, रंगवून, नवऱ्याच्या टोपीसकट. मी कापायला बोट नेलं आणि फोन उचलला.

मागे काहीच नव्हतं. खरखरसुद्धा नाही.

“एनो? रेडिओ?”

“बंद केला, बाळ. झालं माझं ऐकून.”

तिने फोन ठेवला.

मी वर पाहिलं. मामा बोलत नव्हता.

त्याने हेडफोन काढून टेबलावर नीट ठेवले होते. आणि बारीक अक्षर वाचायला वाकावं तसं कपाळ पेपरावर टेकवलं होतं.

ट्विने धावत आत गेला. त्याने मामाचा खांदा धरला, मग मानेला बोट लावलं. मग माझ्याकडे पाहिलं.

सगळ्या शहरात शांतता जात होती. केजेतियाच्या बाजारात, टॅक्सींत, न्हाव्यांच्या दुकानांत. रेडिओवर त्याहून वाईट काही नसतं.

मी जागची हलले नाही. मी ठरवलं होतं.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पाहुण्यांचा माईक असतो. त्याचा लाल दिवा लागलेला होता. त्या दिवशी पाहुणा कुणी नव्हता.

मी आत गेले. म्हटलं, दुसरं काहीतरी बोलायचं. ‘थोडा बिघाड झालाय’ म्हणायचं. शब्द जिभेवर तयार होते.

“कुमासी,” मी म्हणाले, “इथून पुढे जाहिराती नाहीत. फोन नाहीत. थोडा वेळ गाणं ऐकू या.”

ट्विनेने परत बटणांपाशी जाऊन गाणं लावलं. मी त्याला सांगितलं नव्हतं.

नंतर मी लग्नाची बातमी पुरी केली. हवामान सांगितलं. आभार मानले. मध्ये एके ठिकाणी श्वास घेतला. आणि रडले.

एनोचा अगदी पहिला फोन मी घेतला नव्हता. त्या सकाळी मी खाली लापशी आणायला गेले होते. तो मामाने उचलला, आणि मी वर आले तरी तो एक शब्दही न बोलता, फोन कानाशी धरून, नुसता ऐकत होता.