उसनी झीज

लेक दुपारी दीड तास झोपते. तेवढ्यात होईल तेवढं लिहायचं. मध्येच थांबले, तर ती उठली असं समजा.

मी लाकडी सामान रंगवते. स्वीडनमधल्या जुन्या घरांत असायचं तसं: निळसर करडा रंग, दारावर फिकट फुलांची माळ, भोपळ्याच्या वेलासारखी फुगीर पानं. आणि सगळ्यात शेवटी झीज, कारण कोरं कपाट शंभर वर्षं वापरल्यासारखं दिसलं पाहिजे. त्यासाठी खाली तांबडा रंग द्यायचा, झीज हवी तिथे मेणबत्ती घासायची आणि वर करडा रंग द्यायचा. वाळल्यावर त्या जागी पॉलिश पेपर मारला की करडा सुटतो आणि तांबडा डोकावतो.

"नवं कपाट जुनं करून मागतात?" सासूबाई म्हणायच्या. "माझ्याकडे पाठव त्यांना. मी काही न घासता झाले."

झीज कुठे करायची, यातच सगळी मेख. ज्या काकांकडे मी हे काम शिकले ते सांगायचे, "पोरी, आधी हात ठरव. उंच माणूस दार कुठे धरेल, म्हातारी कुठे टेकेल, ते डोळ्यांपुढे आण. पण हात मनातला घे. खऱ्या माणसाचा उसना घेऊ नकोस." का, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तीन वर्षांपूर्वी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातल्या खेळण्यांसाठी एक बुटकं कपाट रंगवायला दिलं. लहान मुलांचे हात कुठे पडतील, ते मला काही केल्या दिसेना. लेक तेव्हा चौदा महिन्यांची, धरून धरून उभी राहणारी. मी तिच्या तळव्याला मेण चोळलं, तिला कपाटासमोर उभं केलं आणि दाराच्या कडेला तिचा हात एकदाच दाबला. ती खुदकन हसली. हे आधी कसं सुचलं नाही, असं वाटलं मला.

करडा रंग वाळल्यावर हलका कागद मारला. चार बोटं आणि तळवा उमटला. करंगळी आत वळलेली. तिची तशीच आहे. माझीही.

दुसऱ्या दिवशी त्या ठशाच्या दोन बोटं वर आणखी एक झीज होती.

"अरे, कपाटाला हात लावलास का?" मी नवऱ्याला विचारलं.

"तुझ्या कपाटाला? मला जिवाची पर्वा आहे, बाई."

तो हसला, पण नको तितका. मग सासूबाईंचा संशय आला. खरं सांगते, मी त्यांची भांडी घासायची घासणी हुंगून पाहिली. साबणाशिवाय कसलाच वास नव्हता. त्या दारातून बघत होत्या. पुढे दोन दिवस त्यांनी ती घासणी स्वतःच्या खोलीत ठेवली.

कामाच्या खोलीला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. कपाटाखाली वर्तमानपत्र पसरलं. कागद कितीही हलका मारा, भुकटी पडतेच. सकाळी दार उघडलं, तर वर तिसरी झीज होती आणि वर्तमानपत्र स्वच्छ. मी ते उचलून खिडकीतल्या उजेडात धरलं. भुकटीचा कण नाही.

रोज एक. रोज दोन बोटं वर. हात रोज किंचित मोठा.

करंगळी तशीच वळलेली.

रंग ढवळायची लांब काठी कपाटाशेजारी जमिनीवर उभी धरून मी रोज पेन्सिलीने उंची टिपत गेले. नऊ दिवसांत नऊ खुणा झाल्या.

दहाव्या दिवशी काहीच नव्हतं. अकराव्याही दिवशी नाही. हायसं वाटायला हवं होतं.

डॉक्टरीणबाई बघायला आल्या. त्या ठशांवरून खालून वर बोट फिरवत म्हणाल्या, "किती खरं केलंस गं! मूल वाढत गेल्यासारखं." वरच्या ठशाशी बोट थांबलं. "आणि मग? पुढे कुठे गेलं मूल?"

त्या गमतीने म्हणाल्या होत्या.

"हे बिघडलंय, ताई," मी म्हटलं. "दुसरं करून देते."

दुसरं दिलं. हे चादरीत गुंडाळून माळ्यावरच्या खोलीत ठेवलं, कुलूप घातलं. लेकीने त्याला पुन्हा हातच लावला नाही तर? एवढंच डोक्यात होतं. नवरा म्हणाला, इतकं खुपतंय तर जाळून टाक. काडी घेऊन गेलेही होते. पण त्यावर तिचे हात आहेत. धजले नाही.

लेक आता सव्वाचार वर्षांची आहे. ते कपाट तिने पुन्हा पाहिलेलं नाही.

सहा महिने झाले, दुपारी झोपून उठली की तिच्या तळव्यांना भुकटी असते. बारीक, निळसर करडी.

"तुझ्याच रंगाची असणार," नवरा म्हणतो. तो रंग मी तीन वर्षांत घरात आणलेला नाही; रंगकाम तेव्हापासून बाहेरच करते.

"कुठे गेली होतीस गं, सोनू?" मी तिचे हात पुसत विचारते.

"झोपले होते ना, आई."

माळ्याचं कुलूप जसंच्या तसं. किल्ली माझ्या कमरेला.

आज झोपण्याआधी तिला भिंतीशी उभं केलं आणि हात समोर धरायला सांगितलं. शेजारी तीच खुणांची काठी लावली. तिला गुदगुल्या झाल्या, पण हात हलवला नाही. शहाणी आहे.

आठवी खूण.

वर एकच उरली आहे. तिच्यावर काठी कोरी आहे.

घड्याळ पाहिलं. ती झोपून दोन तास होत आले.

थांबते इथे. ती उठली म्हणून नाही.