तेलगल्लीतला चोथा

दुपारी तीनच्या सुमाराला रुइचिंग तेलगल्लीच्या मधोमध उकिडवी बसून चिमट्याने काढ्याचा चोथा निवडत होती. चीनमधल्या चिआलिंग नदीकाठच्या त्या गावात जुनी समजूत होती. काढा गाळला की चोथा रस्त्यात टाकायचा. येणाराजाणारा तो तुडवतो आणि त्याच्या पायाबरोबर घरातलं दुखणं निघून जातं. वैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाचा प्रबंध रुइचिंगने त्यावरच घेतला होता. तिचं म्हणणं, यात दुखण्याचं जाणंयेणं काही नाही. चोथा उघड्यावर पडला की दुसऱ्या वैद्याला पहिल्याची चूक दिसते, एवढ्याचसाठी ही रीत. पोरगी हुशार होती, आणि आपण हुशार आहोत हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं.

"काय गं, वैद्यीण होणारेस की कोंबडी?" शेवयावाला चोंगकाका दुकानातून ओरडला. "दिवसभर आपलं उकरतेयस!"

"तुमच्या शेवयांत उकरत नाही हे नशीब समजा, काका."

चोंगकाका पोट धरून हसला. माणूस इतका मवाळ, की घरची कोंबडी कापायलाही बायकोला पुढे करायचा.

रुइचिंगची धडपड नुसत्या गुणांसाठी नव्हती. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने तिच्या आईची डावी बाजू गेली होती. हात लुळा, पाय लुळा. प्रबंध उत्तम झाला तर चेंगडू शहरातल्या इस्पितळात अर्धांगवायूच्या विभागात शिकायला मिळणार होतं. आईचा तो हात हलवायचाच, याशिवाय तिला दुसरं काही सुचत नसे.

त्या दिवशीचा ढीग येन न्हाव्याच्या दारासमोर होता. त्यात ज्येष्ठमध नव्हता, सुंठ नव्हती. कडू मुळं होती, शिंपल्यांचे तुकडे होते, आणि ऐरणीवर तापलं लोखंड ठोकताना उडतात तसले काळे पापुद्रे होते. ढीग अजून कोमट होता. तिने दोन पापुद्रे पुडीत बांधले. तेवढ्यात शाळेतल्या शेनबाई लगबगीने आल्या आणि उरलेला ढीग तुडवून पुढे गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुडी पू वैद्यांपुढे ठेवली. ते नाडी बघून औषध सांगायचे आणि ती शेजारी बसून लिहून घ्यायची, हा रोजचा शिरस्ता.

"कुणाच्या दारात सापडलं?" त्यांनी विचारलं.

"येन न्हाव्याच्या. कशावर देतात हे, गुरुजी?"

"माणूस पिसाळला, हात उगारायला लागला, की देतात. मी तीस वर्षांत कुणाला लिहून दिलेलं नाही." त्यांनी पुडी बंद केली. "आणि या गावात दुसरा वैद्य नाही."

ती येनकडे गेली. त्याने दोन दिवसांपूर्वी बायकोची बोटं दाराच्या फटीत धरून दार आपटलं होतं. एकदा नव्हे, चारदा. आता ओट्यावर बसून तो लहान मुलासारखा रडत होता.

"काढा कुणी केला?" तिने विचारलं.

"कुणीच नाही गं. काल दार उघडलं तर ढीग होता. तो दिसला आणि डोकं एकदम शांत झालं."

त्याच दुपारी शेनबाईंच्या घरून किंचाळी आली. बाईंनी उकळत्या तेलाची कढई नवऱ्याच्या पाठीवर ओतली होती. दुसऱ्या दिवशी ढीग त्यांच्या दारात होता, वाफाळता. तो चोंगकाकाने तुडवला. संध्याकाळी त्याने सख्ख्या भावाचं तोंड लाटण्याने फोडलं आणि दात शेवयांच्या पाण्यात टाकले. गिऱ्हाइकं बघत उभी होती.

रुइचिंगने वहीत रकाने पाडले. ढीग कुणाच्या दारात, तुडवला कुणी, पुढे काय झालं. अक्षर सुरेख आलं.

उजाडता उजाडता ती चोंगकाकाच्या दारात जाऊन उभी राहिली. ढीग होताच. कुणाचा पाय पडायच्या आत तिने कणन् कण कागदावर भरून घेतला, दगड पुसून काढला आणि सगळं काचेच्या बरणीत घालून घरी आणलं. न तुडवलेला चोथा. गल्ली या फेऱ्यातून सुटली, आणि प्रबंधाला असला नमुना कुणाला मिळाला नव्हता. तिला स्वतःचा अभिमान वाटला.

आई खाटेवर बसून उजव्या हाताने वाटाणे सोलत होती. रुइचिंग टेबलाशी बसली. बरणीचं झाकण उघडताच तापल्या लोखंडाचा वास खोलीभर झाला.

"रुइचिंग, मला जरा सरकव गं."

"हो, आई."

"पाठ अवघडलीय, बाळा."

"हो म्हटलं ना!"

खलात आईचं औषध कुटायचं राहिलं होतं. बत्ता तिच्या हातात होता. तो कधी घेतला, तिला आठवेना.

पहिला घाव उजव्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज तिने ओळखला.

आई ओरडली नाही. म्हणाली, "मी आहे गं. मी आहे."

दुसरा घाव त्याच जागी.

तिसऱ्याला मध्ये एक हात आडवा आला. डावा.

रुइचिंग थांबली.

पू वैद्यांनी हाड बसवून बांबूच्या कांबी बांधल्या. "कसं झालं हे?" त्यांनी विचारलं.

"पडले," आई म्हणाली. तिने लेकीकडे बघितलं नाही.

सकाळी रुइचिंगने दार उघडलं. दारात काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशीही गल्ली स्वच्छ होती, तिसऱ्या दिवशीही. चोंगकाकाने तिला पाहिलं आणि दुकानाची फळी लावून घेतली. येनसारखं आपल्यालाही रडू येईल म्हणून ती वाट बघत राहिली. रडू आलं नाही.

मग ती टेबलाशी बसली, वही पुढे ओढली आणि आईच्या नावाचं पान काढून सावकाश लिहू लागली.

"अर्धांगवायू, दोन वर्षं. तिसऱ्या घावाला डावा हात खांद्यापर्यंत उचलला. उपचार लागू पडतो आहे. पाय अजून बाकी."