लाँगसपरची मोजणी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. क्लेम, माझा नवरा, गावात गेलाय, तासाभरात येईल. त्याच्यासमोर हा विषय मी काढत नाही.

मी आणि क्लेम, दोघांनीही जन्मभर शाळेत शिकवलं. निवृत्त झाल्यावर जिल्ह्याच्या पुरातत्त्व मंडळाचं बिनपगारी काम अंगावर घेतलं. आमच्या वाट्याला अकरा ठिकाणं होती. उभ्या दगडांची दोन रिंगणं, एका रोमन घराची फरशी, एक पडका मठ आणि बाकीची सगळी थडगी, पाच-पाच हजार वर्षांपूर्वीची. वर्षातून एकदा प्रत्येक ठिकाणी जायचं. कोणी मेणबत्त्या लावून दगड काळे केलेत का, सशांनी माती उकरलीय का, एखादा दगड कललाय का, ते बघायचं आणि वहीत लिहायचं. उन्हाळ्यात मजा यायची. पण त्या वर्षी क्लेमचा गुडघा दुखत होता, म्हणून शेवटचं ठिकाण राहत राहत डिसेंबरवर गेलं. ते ठिकाण म्हणजे लाँगसपर.

टेकडीच्या माथ्यावर मातीचा एक लांबट उंचवटा. त्याच्या पूर्वेच्या टोकाला, दोन दगडांमध्ये, वाकून जाता येईल एवढं दार. आत दगडी बोळ, बोळाला मध्ये एक वळण, आणि शेवटी भला मोठा मागचा दगड. त्या दगडामागे जेमतेम चार मीटर माती, आणि मग टकवेल नावाच्या शेतकऱ्याच्या सलगमच्या शेताचं कुंपण. आम्ही तिथे नऊ वेळा गेलो होतो. मागचा दगड थोडा पुढे आल्यासारखा वाटतो, असं आदल्या वर्षी कोणीतरी कळवलं होतं, म्हणून या वेळी दारापासून त्या दगडापर्यंत टेप लावून मोजायचं होतं. काम दहा मिनिटांचं.

गाडीत आमचं भांडण झालं होतं. आमची मुलगी लांब, लीड्स शहरात राहते. तिच्या गल्लीत एक बैठं घर विकायला निघालं होतं आणि क्लेमला ते घ्यायचं होतं. मला आमची टेकडी सोडायची नव्हती.

"तू हट्टी आहेस, एव्हिस," तो म्हणाला.

"आणि तू म्हातारा झालायस," मी म्हणाले.

तेवढ्यात फाटक आलं.

फाटकाशी ऑब्री टकवेल मेंढ्यांना चारा टाकत होता. वाट त्याच्याच शेतातून जाते.

"काय हो मिसेस पर्किस, या थंडीत नवऱ्याला पुरायला निघालात की काय?"

"आज नाही. आज फक्त माप घेणार आहे," मी म्हटलं.

तो हसला आणि मग टेकडीकडे बघायला लागला. वरून धुकं उतरत होतं. "लवकर आटपा," तो म्हणाला. "माझी कुत्री आज सकाळपासून वर यायला तयार नाही. ओढली तर चावायला येते."

माथ्यावर पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. उजेड होता, पण धुक्यातला उजेड तो, कुठून येतोय ते कळत नव्हतं. दाराशी वारा अजिबात नव्हता. क्लेमने एका हातात टॉर्च घेतला, दुसऱ्या हातात टेपचं टोक. तीस मीटरची टेप, तिची गुंडाळी माझ्या हातात. मी दाराच्या दगडाशी उकिडवी बसले आणि तो वाकून आत शिरला. गुडघ्याला शिव्या घालत होता. वळणापाशी त्याच्या टॉर्चचा उजेड भिंतीवर सरकला आणि दिसेनासा झाला.

गुंडाळी फिरत होती. पाच मीटर. सहा. सात. मागच्या मोजणीत सात मीटर वीस भरले होते. मी गुंडाळी थांबवायला अंगठा पुढे केला.

टेप सुटतच राहिली. आठ. नऊ.

"क्लेम, मागचा दगड आला का?"

"नाही अजून." आवाज नेहमीचा होता, थोडा धापावलेला.

मला वाटलं, थट्टा करतोय. भांडण झालं की तो असंच काहीतरी करून मला हसवायचा. आत उभा राहून टेप ओढत असेल, पायाशी ढीग पडत असेल. बारा. पंधरा. गुंडाळीचा वेग एका चालीचा होता. माणूस चालतो तसा. चार पावलं, जरा थांबणं, पुन्हा चार पावलं.

"क्लेम, पुरे झाली थट्टा. बाहेर ये."

"अगं, इथे उभं राहता येतंय..." तो म्हणाला. या वेळी आवाज लांबून आला.

एकवीस. चोवीस. चोवीस मीटरवर तो कुंपणाच्या पलीकडे, सलगमच्या शेतात असायला हवा होता, जमिनीखाली. मी उठून उंचवट्यापलीकडे पाहिलं. धुक्यातही शेत दिसत होतं, ओल्या पानांच्या रांगा आणि एक कावळा. मग टेप संपली. तिला एक हिसका बसला आणि ती ताणून तशीच राहिली.

मी माझा टॉर्च पेटवून काखेत धरला आणि सैल पडणारी टेप गुंडाळत आत शिरले.

वळण घेतलं. मागचा दगड होता तिथेच होता. समोर, सात मीटर वीसवर. क्लेम नव्हता. त्याची टोपी जमिनीवर पडली होती. टेप माझ्या पायांजवळून सरळ जात होती आणि मागच्या दगडाच्या बुडाशी एक फट होती, तिच्यात शिरत होती. मी फटीत बोटं घालून पाहिली. दुसऱ्या पेरापर्यंत गेली आणि अडली. फटीतून वारा येत होता आणि तो गरम होता. त्याला धुराचा वास होता, चरबीचा, भाजलेल्या धान्याचा आणि पुष्कळ माणसं एका खोलीत खूप वेळ बसली की येतो तो वास.

मी पालथी पडले, तोंड फटीशी नेलं.

"क्लेम..."

"एव्हिस," तो म्हणाला. दगडामागूनच, पण दूर. "एव्हिस, इथे शेकोटी आहे. माणसं बसलीत ओळीने. माझ्यासाठी सरकून जागा करतायत."

त्याच्या आवाजात भीती नव्हती. तीच गोष्ट मला सहन होईना. आणि तो थांबल्यावर, त्याच्या मागोमाग, आणखी कोणीतरी हळूच म्हणालं, "ए...व्हिस." लहान मूल नवा शब्द जिभेवर घोळवून बघतं ना, तसं. पण आवाज मोठ्या माणसाचा होता.

"क्लेम, बसू नकोस. ऐकतोयस? खाली बसायचं नाही. टेप आहे ना हातात?"

"आहे... पण पाय दुखतायत गं."

"पाय दुखतायत गं," तो दुसरा म्हणाला. या वेळी शब्द बरेच नीट जमले होते.

माझं डोकं त्या वेळी कसं चाललं कोण जाणे. मी शाळेतल्या आवाजात बोलायला लागले. वर्गात आग लागली तर मुलांना रांगेने बाहेर काढायचा जो आवाज असतो, तो. "क्लेमंट पर्किस, टेप मनगटाला गुंडाळ. मी ओढते, तू चालत ये. मी आकडे म्हणते, तू ऐकत ये. आपण लीड्सला जाऊ. ते घर घेऊ. ऐकलंस? मी येते लीड्सला. फक्त आता चालत ये."

 मग टेप जरा सैल पडली.

मी गुंडाळत गेले. बावीस. एकवीस. प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणत होते. फटीतून परत येणारी टेप कोमट होती आणि तेलकट काजळीने माखलेली होती. सतराच्या आसपास ती अडली. पलीकडे काहीतरी घासल्याचा, ओढाताणीचा आवाज आला, कोणीतरी रडल्यासारखं वाटलं, आणि क्लेमच्या आवाजात कोणीतरी म्हणालं, "सोड... सोड." कोण कोणाला सोड म्हणत होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. मी दोन्ही पाय दगडाला लावून ओढलं. टेप पुन्हा निघाली. पंधरा. बारा. आता पावलं ऐकू येत होती. नऊ.

आकडा दोनवर आला तेव्हा मी डोळे गच्च मिटले. ज्या फटीत माझी बोटं जात नव्हती, तिच्यातून माणूस कसा बाहेर येतो ते मला बघायचं नव्हतं. एक म्हटलं. मी गुंडाळत राहिले, आणि टेपचं शेवटचं टोक माझ्या बोटांवर आपटलं.

खांद्यावर हात पडला.

"एव्हिस, डोळे का मिटलेस?"

तो माझ्या शेजारी गुडघे टेकून बसला होता. तोच कोट, तोच चेहरा. कपाळाला थोडी काजळी. अंगाला धुराचा वास.

"किती भरलं?" त्याने विचारलं.

"सात वीस," मी म्हणाले. वहीतही तेच लिहिलं. त्याने टोपी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि डोक्यावर घातली. मग आम्ही वाकून बाहेर आलो आणि उतारावरून खाली गेलो. मी त्याचा हात घट्ट धरला होता. फाटकाशी टकवेल नव्हता. क्लेमला काही आठवत नव्हतं. आत गेलो, दगडाला टेप लावली, वळून पाहिलं तर तू जमिनीवर पडून ओरडत होतीस, असं तो म्हणाला. घरी त्याने चहा केला, रात्री बातम्या पाहिल्या. मुलीचा फोन आला तेव्हा तिच्याशी नीट बोलला. मी मनाशी म्हटलं, माझाच तोल गेला असेल. धुकं, भांडण, वय. आणि खरं सांगू का? तो परत मिळाला एवढंच मला पुरेसं होतं. त्याचा गुडघा दुखायचा थांबला, याचाही मला आनंदच झाला.

फेब्रुवारीत त्याची दाढ दुखायला लागली. गावातल्या दंतवैद्य मिस लंड त्याला वीस वर्षं बघतायत. त्यांनी एक्स-रे काढला, क्लेमला खुर्चीतच बसवून ठेवलं आणि मला बाहेरच्या खोलीत बोलावलं.

"मिसेस पर्किस, यांनी मध्ये दुसरीकडे कुठे दात दाखवले का?"

"नाही. का?"

त्यांनी जुनी फाईल उघडली. "चार दाढांत मीच चांदी भरलीय. एक दाढ मी स्वतः काढलीय, दोन हजार नऊ साली. आता एकातही चांदी नाही. काढलेली दाढ जागेवर आहे." त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "मुळं बघा. ही तिशीच्या आतल्या माणसाची आहेत. पण वरून दात पार सपाट झालेत, हिरडीपर्यंत. जन्मभर दगडाची कच चावून खाल्ल्यासारखे. असे दात मी फक्त शिकत असताना पाहिलेत, संग्रहालयातल्या, जुन्या थडग्यांतून काढलेल्या कवट्यांना."

"एक्स-रे दुसऱ्या कोणाचा असेल," मी म्हणाले.

"मलाही तेच वाटलं. म्हणून पुन्हा काढला."

अर्धवट उघड्या दारातून तो दिसत होता. खुर्चीत पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून, शांत बसला होता. आमचं बोलणं त्याला ऐकू गेलं असावं. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि ओठ मिटलेले ठेवून हसला.