एकच जागा

रिकाम्या वर्गात कोणीतरी जीव तोडून शिकवत होतं. विद्यापीठातल्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी ती मार्गदर्शक मॅडमची खोली शोधत फिरत होती. आवाज ऐकून दारातच थबकली. बाह्या दुमडलेला एक तरुण बाकांना समजावत होता, की सगळे पैसे एकाच ठिकाणी का गुंतवू नयेत. तिला गंमत वाटली. ती हळूच मागच्या बाकावर जाऊन बसली.

तिच्याकडे लक्ष गेलं तसा त्याचा हात फळ्यावरच थांबला. "कुठलं वर्ष?" त्याने सावरून विचारलं.

"पहिलं," ती शहाण्यासारखं तोंड करून म्हणाली. नोकरीचं पहिलंच होतं, त्यामुळे खोटंही नव्हतं.

"मग उद्यापासून पुढे बसत जा."

अर्ध्या तासाने दोघं मॅडमसमोर शेजारी-शेजारी बसले, तेव्हा त्याचे कान लालबुंद झाले होते.

मॅडम वित्त विभागातल्या सगळ्यात जुन्या प्राध्यापिका. विद्यापीठाने नवख्या शिक्षकांना अनुभवी मार्गदर्शक द्यायची योजना काढली होती आणि या दोघांच्या वाट्याला त्या आल्या होत्या. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. दोघंही वर्षाच्या करारावर, कायमची जागा मात्र एकच. वर्ष संपताना निवड समितीसमोर वर्ग घ्यायचा. तोवर एकमेकांच्या तासाला बसायचं, आणि नंतर चहा पिताना जे खरं वाटलं तेच सांगायचं.

त्याला सांगायला तिला फार जड गेलं नाही. तो श्वास न घेता बोलतो, मुलांनी हात वर करायचा कधी, असं तिने हसत-हसत ऐकवलं. त्याची पाळी आली, तेव्हा मात्र तो कप फिरवू लागला.

"तुम्ही फळ्याला शिकवता," तो शेवटी म्हणाला. "मुलांना तुमची पाठच दिसते... आणि तुमचा चेहरा सूत्रांपेक्षा जास्त समजावून सांगतो."

पहिलं वाक्य तिला झोंबलं. दुसरं तिला घरी गेल्यावर आठवलं, आणि मग काही केल्या डोक्यातून जाईना. चार दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. पाचव्या दिवशी तिने खडू खाली ठेवला, मुलांकडे वळली आणि विचारलं – आज मिळणारे शंभर घ्याल, की वर्षाने मिळणारे एकशेदहा? वर्गात भांडणच जुंपलं. मागच्या बाकावर तो गालातल्या गालात हसत होता, आणि ते बघून ती पुढचा मुद्दाच विसरली.

घरी तिच्या बोलण्यात 'आमच्या विभागातले एक सर' इतक्यांदा येऊ लागले, की वहिनीने एकदा पोळी वाढता-वाढता विचारलं, सरांनाही एक वाढू का? दादाला ठसका लागला. तिने ताटातून मान वर काढली नाही.

पण तो मात्र... चहाच्या पुढे एक पाऊल टाकेल तर शपथ. तिला वाटायचं, याला आपण फक्त प्रतिस्पर्धीच दिसत असणार.

वर्ष संपलं, समितीसमोर दोघांचे वर्ग झाले आणि निकाल लागला. जागा तिला मिळाली. मॅडमनी पाठीवर हात ठेवला, सगळ्यांनी अभिनंदन केलं, आणि ती मात्र रडायच्या बेतात होती. ती तडक कॅन्टीनमध्ये गेली. तो खिडकीशी बसला होता, चक्क खुशीत. नदीपलीकडच्या कॉलेजने त्याला कालच नोकरीसाठी होकार कळवला होता.

"मला तसंच फळ्याकडे बघत शिकवू दिलं असतंत," ती म्हणाली, "तर आज ही जागा तुमची होती."

"हो, माहीत होतं."

"मग का सांगितलंत?"

"तुम्ही मागे वळून बघावं म्हणून." आता कानांबरोबर त्याचा चेहराही लाल झाला. "याच्यापुढचं बोलणं वर्षभर गिळून ठेवलं. एका जागेसाठी दोघं उभे असताना बोललो असतो, तर तुम्हाला वाटलं असतं, हा डाव टाकतोय. आता आपल्यात ती जागा नाही. म्हणून विचारतो... मला तुम्ही फार आवडता. तुम्हाला—"

"तू," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही नाही. तू म्हण." आणि तिने त्याचा कप बाजूला सरकवून त्याच्या हातावर आपला हात ठेवला.